रुपया घासायच्या आधी

पुणे

चि. मैत्रेयीस,


आजीच्या डब्यातल्या रुपयांचे फोटो मिळाले. लक्ष्मीपूजन तोंडावर आलंय, ताईने चिंच भिजत घातली आहे, आणि तू विचारतेस की हे डाग काढू का. सगळ्या डागांना एकच उत्तर नाही. प्रत्येक डाग बघताना एवढंच ठरव: हा बाहेरून येऊन चांदीवर बसलाय, की चांदीचंच रूप बदलून झालाय? बसलेला उठवता येतो. झालेला काढायचा तर त्याच्याबरोबर चांदीही जाते.

आधी तुझा १८६२चा राणीछाप रुपया घे. कडेला निळा-जांभळा, राणीच्या केसांच्या खाचांत काळा. ही घाण नव्हे. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. तो अगदी पातळ असतो तेव्हा पिवळसर, मग तांबूस-जांभळा, मग निळा दिसतो आणि जाड झाला की काळा. सावकाश, सारखा चढलेला असा रंग संग्राहकांना आवडतो, त्याला जास्त पैसेही मोजतात. म्हणूनच बाजारात मुद्दाम चढवलेले खोटे रंगही असतात.

तो काढला तर काय होतं? ठसा पडताना धातू दाबाखाली मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेला रुपया दिव्याखाली कलता केलास तर उजेडाचा पट्टा त्याच्यावर गोल फिरतो, तो या रेषांमुळे. चिंच-रांगोळी, राख, टूथपेस्ट किंवा भांड्यांची पावडर यांनी घासलं की त्या रेषा जाऊन केसांसारखे ओरखडे येतात. चांदी उजळवायचं बाटलीतलं ‘डिप’ घासत नाही, पण पापुद्रा विरघळवतं, आणि त्या पापुद्र्यात नाण्याचीच चांदी असते. दोन-तीनदा बुडवलं की नाणं पांढरंफटक आणि निर्जीव दिसतं. फॉइल आणि खायच्या सोड्याचा घरगुती उपायही तसाच: काळेपणा जातो, मूळची झळाळी परत येत नाही.

राणीछापाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. १८६२ हे साल टांकसाळींनी पुढची कित्येक वर्षं तसंच छापलं. मुंबईच्या काही रुपयांवर सालाच्या आसपास बारीक ठिपके असतात, ते भिंगाखाली मोजून जाणकार नाण्याचा प्रकार ठरवतात. घासून घासून ते ठिपकेच बोथट झाले तर ओळखायचं कशावरून? नाणी पारखून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था स्वच्छ केलेल्या नाण्याला नेहमीची श्रेणी नाकारतात. नाण्याचं वजन तेच, ११.६६ ग्रॅम, त्यामुळे सराफाच्या तराजूला फरक कळत नाही. संग्राहक मात्र पहिल्याच नजरेत ओळखतो. या रुपयाला हात लावू नकोस.

१९०७चा, एडवर्ड राजाच्या बोडक्या डोक्याचा रुपया वेगळा. त्याच्यावर कुंकू आणि तेलाचा थर आहे, म्हणजे हा बसलेला डाग. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर काचेच्या वाटीत कोमट करून रुपया त्यात ठेव. मग केमिकलच्या दुकानातल्या शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटं बुडव. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. ॲसिटोनने तेलकटपणा सुटतो, चांदीला आणि तिच्या रंगाला काही होत नाही. पण ते चटकन पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी हवी आणि जवळपास निरांजन, गॅस काही नको. नाणं कडेने धरायचं, पुसायचं नाही, आपोआप वाळू द्यायचं. एवढं करून खाचेत कुंकू राहिलं तर राहू दे. टाचणीने कोरू नकोस.

१९४२च्या रुपयाची मात्र घाई कर. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच, तांबं चाळीस टक्के. तो मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात राहिला आहे. अशा पीव्हीसीतून हळूहळू आम्ल सुटतं, ते तांब्याला खातं आणि हिरवा चिकट थर येतो. हा नुसता बसून राहत नाही, पसरतो. त्यालाही ॲसिटोन, दोनदा, दरवेळी नवं. खाली खड्डे पडले असतील तर ते भरून येणार नाहीत, पण खाणं थांबेल. हिरवं चिकट नसून कोरडं, भुकटीसारखं असेल तर घरी प्रयोग नको, जाणकाराला दाखव.

पुढची काळजी म्हणजे ठेवण्याची. कडक कॅप्सूल किंवा पॉलिएस्टरची पाकिटं घे. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र, पुठ्ठ्याचे खोके यांपासून लांब ठेव, यांतून गंधक किंवा आम्ल सुटतं. तुमच्या मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच.

आता ताईच्या चिंचेचा प्रश्न. देव्हाऱ्यातले जे रुपये दर दिवाळीला घासले जातात, ते तसेच घासू देत. त्यांची टांकसाळीतली झळाळी कधीच गेली आहे, आणि त्यांचं मोल पूजेतलं आहे, बाजारातलं नाही. लखलखीत नाणं हवं असेल तर सराफाकडचं लक्ष्मीच्या छापाचं नवं आण आणि हवं तितकं चमकव. फक्त दोन्ही डबे वेगळे ठेव आणि वर चिठ्ठ्या चिकटव. नाहीतर पुढच्या वर्षी डाग काढायला कोणीतरी राणीछापही उचलेल.

ॲसिटोन मिळालं की कळव. पहिल्यांदा एखाद्या साध्या नाण्यावर करून बघ, मगच १९०७ला हात लाव.

तुझा,
मामा