अमेरिकेतील कॉलेज-प्रवेश आणि पालकाची ऐपत



बारावीनंतर मुलाला पदवीसाठी थेट अमेरिकेला पाठवावे का, अशी विचारणा हल्ली गट ऑफिसातही कानावर येते. तेथील नामांकित खाजगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलरच्या वर, म्हणजे ६५ लाख रुपयांहून अधिक आहे. २०२५-२६ हंगामाची १०.२५ टक्के उताऱ्याची एफआरपी टनाला ३,५५० रुपये. त्या दराने, तोडणी-वाहतूक न कापता, हा १,८०० टनांवर उसाचा पैसा झाला. एकरी ४० टन धरले तरी ४५ एकर! आणि हे एकाच वर्षाचे. तेव्हा मदत मागावीच लागणार. पण मदत मागितली म्हणून प्रवेश हुकतो का?

काही ठिकाणी नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, २०२२ पासून डार्टमथ, अशी मोजकी कॉलेजे परदेशी मुलाचीही ऐपत न पाहता निवड करतात आणि निवडलेल्याची गरज पुरी भागवतात. मात्र तिथे जागा इतक्या थोड्या, की हुशार पोरंही ढिगाने परत फिरतात.

बाकीच्यांपैकी कित्येक कॉलेजे देशातल्या मुलाला एक न्याय आणि परदेशी मुलाला दुसरा लावतात. मदतीची थैली ठरलेली असते. यादीच्या शेवटी दोघे सारखेच उतरले आणि थैली रिकामी होत आली, की पूर्ण फी भरणाऱ्याला झुकते माप मिळते. आम्हांला हे खटकते. पण विचारले तर ते लपवत नाहीत, एवढे खरे.

मग आपण गरज लपवावी का? मुळीच नाही. "आधी ॲडमिशन घेऊ, पैशाचं मागाहून बघू" हा हिशेब तिथे चालत नाही. प्रवेशावेळी मदत न मागितलेल्या परदेशी मुलाला बरीच कॉलेजे पुढेही मदत देत नाहीत. शिवाय व्हिसासाठी लागणारा आय-२० कागद पहिल्या वर्षाच्या पैशाची सोय दाखवल्याशिवाय निघत नाही.

म्हणून कॉलेजला दोन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात. ऐपत पाहता का? आणि घेतलेल्या मुलाची गरज पुरी भागवता का? आमच्या मते दुसरी अधिक मोलाची. ऐपत न पाहता घेतले, पण मदत निम्मीच दिली, तर ते पत्र घेऊन करायचे काय?

बरीच कॉलेजे सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म मागतात. त्यात उत्पन्नाबरोबर जमीन, घर, कर्जही विचारतात. शेती उत्पन्नाला आयकर नसल्याने रिटर्न भरला नसेल, तर तसे स्पष्ट लिहून ऊसबिले आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला इंग्रजी भाषांतरासह तयार ठेवावा. दाखला एक बोलतो आणि बिले दुसरेच, असे मात्र होऊ देऊ नका!

एम.एस.ला जाणाऱ्यांचे गणित निराळे आहे. तिथे बहुतेकांना कर्जच काढावे लागते. त्याविषयी पुढील अंकी.