आमची महाबळेश्वरची सहल

आमची चौथीची सहल एस.टी.ने महाबळेश्वरला गेली. निघताना आजीने मला रिकामी बाटली दिली. म्हणाली, "कृष्णामाईचं पाणी आण."

आधी आम्ही क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचे पाणी तेथे दगडी गोमुखातून पडते. सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. आपली कृष्णा मात्र पूर्वेला सुमारे १४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. डोंगर एक आणि समुद्र दोन! पाणी फार गार होते. मी बाटली काठोकाठ भरली.

दुपारी वेण्णा तलाव पाहिला. मला वाटले होते तो आपोआप झाला असेल. पण साताऱ्याचे राजे आप्पासाहेब महाराज यांनी तो १८४२ साली बांधला. नाव हलली तेव्हा मी गुरुजींचा सदरा घट्ट धरला. (मित्र म्हणाला हे लिहू नको, पण खरे आहे.) गुरुजी म्हणाले, वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते. म्हणजे हे पाणी आपल्या गावावरूनच जाते.

येताना पसरणीच्या घाटात माझ्या मित्राला उलट्या झाल्या. कोणाजवळच पाणी उरले नव्हते. मी बाटली घट्ट धरून बसलो होतो. मग दिली. त्याने चूळ भरली, तोंड धुतले, प्यायला. तळाला चार बोटे पाणी राहिले.

घरी मी आजीला घाबरत घाबरत सगळे सांगितले. आजी म्हणाली, "ते पोर आता बरं हाय का?" आणि उरलेले पाणी तिने माठात ओतले.