दोन वृत्तपत्रांचे जुळवणी पत्रक

वाणिज्य शाखेत बँक जुळवणी पत्रक शिकवताना पहिल्याच तासाला एक गोष्ट सांगितली जाते. व्यापाऱ्याच्या रोकड पुस्तकातील शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातील शिल्लक यांत फरक आढळला, तर लगेच कुणी अफरातफर केली असे समजायचे नसते. दोन्ही वह्या प्रामाणिकपणे लिहिलेल्या असू शकतात. दिलेला धनादेश अजून वटलेला नसेल. बँकेने आपले कमिशन कापून घेतले असेल आणि त्याची खबर व्यापाऱ्याला नसेल. फरकाची कारणे एकेक करून मांडायची, आणि ती सर्व मांडून झाल्यावरही जो फरक उरतो तेथे चूक शोधायची. प्रस्तुत लेखात हीच रीत वृत्तपत्रांच्या वाचनाला लावून पाहिली आहे. बेळगावच्या विद्यार्थ्याला ती विशेष सोयीची, कारण येथे वाचनालयाच्या एकाच टेबलावर मराठी आणि कन्नड दैनिके रोज पडलेली असतात. टेबल एक असले तरी बाके मात्र दोन आहेत, हे कोणीही जाऊन पाहावे.

मराठीत तर पहिले वृत्तपत्रच दोन भाषांचे होते. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. ज्याला दोन्ही भाषा येत, त्याला संपादकाने इकडे काय लिहिले आणि तिकडे काय लिहिले हे एका नजरेत ताडता येई. कन्नडमधील पहिले वृत्तपत्र ‘मंगळूर समाचार’ १८४३ साली बासेल मिशनच्या हर्मन मोग्लिंग यांनी काढले. त्यानंतर दोन्ही भाषांची वृत्तपत्रे फार वाढली, पण शेजारी शेजारी असलेले ते दोन रकाने मात्र गेले. आता ते आपले आपणच जुळवायला हवेत.

पहिला फरक नावांचा. १ नोव्हेंबर हा दिवस कन्नड वृत्तपत्रात राज्योत्सव असतो, मराठी वृत्तपत्रात काळा दिन. १९५६ साली याच तारखेला भाषावार पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. शहराचे नाव ‘बेळगावी’ झाले तेही २०१४ सालच्या १ नोव्हेंबरलाच. घटना एकच, नोंद एकाकडे जमेची आणि दुसऱ्याकडे नावेची. याला मी पक्षपात म्हणणार नाही. जमाखर्चात तर हे व्हायलाच हवे. माझ्या वहीत जी रक्कम येणे, ती समोरच्याच्या वहीत देणेच असणार.

दुसरा फरक गाळलेल्या नोंदींचा, आणि तो अधिक गंभीर आहे. महाजन आयोगाचे उदाहरण घ्या. १९६६ साली नेमलेल्या या आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. बेळगाव शहर कर्नाटकाकडेच ठेवावे, निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांतील २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, अशी त्याची शिफारस होती. कर्नाटकाने अहवाल मान्य केला, महाराष्ट्राने फेटाळला. आता वाचकांनी स्वतःच्या घरी विचारून पाहावे. मराठी घरात ‘अन्यायी अहवाल’ हा शब्द सर्वांना ठाऊक असतो, कन्नड घरात ‘अंतिम अहवाल’. परंतु तोच अहवाल अंतिम मानला तर निपाणी आणि खानापूर द्यावे लागेल, हे एका घरात सहसा कुणाला ठाऊक नसते. आणि आयोग नेमण्याचा आग्रह महाराष्ट्राचाच होता, हे दुसऱ्या घरात. दोन्ही वृत्तपत्रांनी खोटे एक अक्षर छापलेले नाही. फक्त पासबुकातील एकेक ओळ आपल्या वहीत उतरवून घेतलेली नाही, आणि अशा वह्यांवरच आमच्या पिढीचा राग उभा राहिला आहे.

डिसेंबर २०२२ मधील प्रसंग अनेकांच्या स्मरणात असेल. मी तेव्हा पी. यू. सी.च्या पहिल्या वर्षाला होते. ६ डिसेंबर रोजी हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या पाटीच्या ट्रकांवर दगडफेक झाली आणि पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. या लेखासाठी दुसऱ्या दिवशीची वृत्तपत्रे जुन्या गठ्ठ्यातून मुद्दाम काढून पाहिली. मराठी मथळ्यात ट्रक, कन्नड मथळ्यात बस. ज्याची गाडी फुटली त्याने ती आधी सांगावी, हे समजण्यासारखे आहे. माझे लक्ष गेले ते क्रियापदाकडे. आपली गाडी ‘फोडली’ जाते आणि फोडणाऱ्याचे नावगाव, संघटना, घोषणा सर्व येते. समोरच्याची गाडी मात्र ‘फुटते’, आणि तीही ‘संतप्त प्रतिक्रिया’ म्हणून. मराठीत जी संतप्त प्रतिक्रिया, ती कन्नडमध्ये पुंडगिरी, आणि उलट. कर्ता कोठे लिहिला आहे आणि कोठे गाळला आहे एवढेच पाहिले तरी पुष्कळ काही कळते. शाळेत कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकलो, त्याचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते.

आणखी एक गोष्ट. त्या आठवड्यात महाराष्ट्राच्या एस. टी.ने कर्नाटकात येणाऱ्या गाड्या काही काळ थांबवल्या होत्या. चंदगडकडून रोज बेळगावला येणाऱ्या विद्यार्थ्याला एवढेच जाणून घ्यायचे होते की उद्या गाडी आहे की नाही. मी पाहिलेल्या दोन्ही वृत्तपत्रांत ही माहिती आतल्या पानावर, पुढाऱ्यांच्या भाषणांखाली होती. म्हणजे एवढ्या एका बाबतीत दोन्ही वह्या तंतोतंत जुळल्या!

पुढे १४ डिसेंबरला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत कोणी दावे करू नयेत आणि दोन्ही बाजूंच्या तीन-तीन मंत्र्यांनी एकत्र बसावे, असे ठरले. मोठ्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी आगीत तेल ओतले, असेही तेथे सांगण्यात आले. जुळवणी पत्रकात सर्व कारणे मांडून शेवटी उरणारी चूक म्हणतात ती ही. तरी त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव एकमताने केले. महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावे होती.

वाणिज्याची विद्यार्थिनी म्हणून पैशाची बाजूही सांगायला हवी. वाचकाने दिलेल्या किमतीत कागद आणि छपाईचा खर्च भागत नाही. तो जाहिरातींतून भागतो. जाहिरात स्पष्ट जाहिरात म्हणून छापली तर त्यात वावगे काही नाही. परंतु २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकमेकांची स्पर्धक असलेल्या वृत्तपत्रांत एकाच पुढाऱ्याची स्तुती शब्दशः एकसारखी छापून आली होती. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये ‘पेड न्यूज’वर नावानिशी अहवाल दिला, तेव्हा परिषदेने आधी त्याचा संक्षेपच प्रसिद्ध केला, संपूर्ण अहवाल २०११ मध्ये, माहिती आयोगाच्या आदेशानंतर बाहेर आला. सीमाप्रश्नावरील पक्षपात निदान मनापासून केलेला असतो. हा तर विकत घेतलेला.

खेळाच्या पानावर येताच मात्र हवा बदलते. राहुल द्रविड इंदूरला मराठी घरात जन्मला, बंगळूरला वाढला आणि १९९१ मध्ये पुण्यात महाराष्ट्राविरुद्धच रणजीचा पहिला सामना कर्नाटकाकडून खेळला. मराठीत तो ‘आपला द्रविड’, कन्नडमध्ये ‘नम्म द्रविड’, आणि यावरून कधी दगड पडले नाहीत. बेळगावच्या मलप्रभा जाधवने २०१८ च्या आशियाई खेळांत कुराशमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हाही ती दोन्हीकडे जमेच्या बाजूलाच होती. खेळाच्या पानाचा पक्षपात वेगळा आहे: क्रिकेटशिवाय काही दिसतच नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी ती जिंकली. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. आमच्या वर्गात विचारले असता ही नावे तिघांनाच सांगता आली, आणि त्यांतील दोघे स्वतः खो-खो खेळणारे. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा मात्र हरमनप्रीतपासून राखीव खेळाडूंपर्यंत सर्व नावे पाठ होती. दोष वाचकाचा की वृत्तपत्राचा, याचा हिशेब अजून मला लागलेला नाही.

गेल्या सत्रापासून आम्ही पाच जणी एक वही ठेवीत आहोत. डाव्या पानावर मराठी बातमीचा सारांश, उजव्या पानावर त्याच बातमीचा कन्नड सारांश, खाली फरक आणि त्याची कारणे. कन्नड बाजू लिहायला सध्या आम्ही दोघीच असल्याने काम मागे पडते. या अंकाच्या कन्नड विभागातील लेखक मित्रांपैकी कुणाला हात द्यायचा असेल, तर वही वाचनालयात वृत्तपत्रांच्या टेबलाच्या खणात ठेवलेली आहे.