नव्याने बांधलेले इंजिन व वंगणाची निवड

आम्हां व्यापाऱ्यांचा पुष्कळ माल लॉरीवर चालतो. यास्तव हा विषय जाणून घेणे इष्ट.

नव्याने बांधलेले इंजिन प्रथम सुरू होताना पंपाचे तेल सर्वत्र पोहोचण्यास काही क्षण लागतात. त्या क्षणांसाठी बेअरिंगांस चिकटून राहणारे वंगण व कॅम-टॅपेटच्या घासणाऱ्या पृष्ठांस मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त लेप लावावा. रिंगांस मात्र साधे इंजिन ऑइलच पुरे; फार निसरड्या द्रव्याने त्या सिलिंडरशी नीट बसत नाहीत व इंजिन तेल खाऊ लागते.

पहिली भरणी उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाच्या खनिज तेलाची असावी. गाडी उभी ठेवून इंजिन फार वेळ चालवू नये. मध्यम व बदलता भार द्यावा. झिजेचे धातुकण तेलात उतरतात, म्हणून तेल व फिल्टर लवकर बदलावे.

एका डब्याची काटकसर क्रँकशाफ्टच्या किमतीस पडते, हा हिशेब आम्हांस निराळा सांगावयास नको.