सांभरचा मिठाचा लोहमार्ग

जयपूरच्या पश्चिमेकडील सांभर सरोवराच्या पात्रात मिठागरांपर्यंत नॅरोगेज रूळ टाकले गेले ते केवळ मिठासाठी. छोट्या उघड्या वाघिणींतून मीठ साठवणीच्या जागी येई व तेथून मोठ्या गाड्यांत चढे. पूर्वी हीच वाहतूक बैलांच्या व उंटांच्या पाठीवरून चाले.

1869-70 मध्ये जयपूर व जोधपूर संस्थानांशी करार करून ब्रिटिश सरकारने सरोवर भाडेपट्ट्याने घेतले; त्याच दशकात मीटरगेज मार्ग सांभरला पोहोचला. मीठ वजनाला भारी, किमतीला हलके. अशा मालाच्या भावात वाहतूकखर्चाचा वाटा मोठा असतो. तथापि, रेल्वेमुळे मीठ स्वस्त झाले, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. उगमस्थाने ताब्यात आल्याने तेथेच कर वसूल होऊ लागला आणि 1879 मध्ये अंतर्गत जकातरेषा अनावश्यक ठरली. कर मात्र राहिला. 1882 मध्ये मणामागे 2 रुपये असलेला हा कर 1888 मध्ये अडीच रुपये झाला. वाहतुकीतील बचतीपैकी गरीब ग्राहकाच्या पदरी किती पडले असेल, याची कल्पना यावरून यावी.

1964 मध्ये सांभर सॉल्ट्स लिमिटेड स्थापन झाली. तीत हिंदुस्थान सॉल्ट्सचा वाटा 60 टक्के, तर राजस्थान सरकारचा 40 टक्के ठरला. देशातील बहुतांश मीठ आता गुजरातेत पिकते.