जोडीदार कॅनडात, पीआरची फाइल रांगेत: भेटीला जायचं तर खर्च किती?

लग्न झालं, जोडीदार टोरंटोला किंवा कॅल्गरीला परतला आणि पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, स्पॉन्सरशिपची फाइलही गेली. निकालाला साधारण वर्ष लागतं, कधी जास्तही. मधल्या काळात भेटायला जाता येतं का? येतं. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 22(2) नुसार, पुढे कायमचं राहायचा इरादा आहे एवढ्यावरून व्हिजिटर व्हिसा नाकारता येत नाही. मुदत संपल्यावर तुम्ही परताल, ही अधिकाऱ्याची खात्री मात्र पटावी लागते. अशा जोडीदारांच्या व्हिसाचा निकाल 30 दिवसांत देण्याचं उद्दिष्ट तिथल्या सरकारने मे 2023 मध्ये जाहीर केलं, पण ती हमी नव्हे.

खालचा हिशेब एका कॅनडियन डॉलरला 65 रुपये धरून केला आहे.

सरकारी फी

• व्हिजिटर व्हिसा: 100 डॉलर (6,500 रुपये)
• बायोमेट्रिक्स: 85 डॉलर (5,525 रुपये)
• मुक्काम वाढवण्याचा अर्ज: 100 डॉलर (6,500 रुपये)

म्हणजे पहिल्या भेटीची फी 12,025 रुपये. व्हिसा नाकारला तरी ही रक्कम परत मिळत नाही. बोटांचे ठसे आणि फोटो व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात देता येतात, आणि व्हिजिटर व्हिसासाठी ते 10 वर्षं चालतात. पासपोर्ट पाठवण्या-आणण्याचा आकार वेगळा.

स्पॉन्सरशिपचा खर्च याहून निराळा. 30 एप्रिल 2024 पासूनच्या दरांनुसार स्पॉन्सरशिप 85, अर्जाची तपासणी 545, पीआर हक्काची फी 575 आणि बायोमेट्रिक्स 85, असे 1,290 डॉलर, म्हणजे 83,850 रुपये होतात. हे दर दर दोन वर्षांनी बदलतात, त्यामुळे भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या. यातले 575 डॉलर शेवटी भरले तरी चालतात आणि अर्ज नामंजूर झाल्यास परत मिळतात.

कागदपत्रं

विवाह नोंदणीचा दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतरकार अधिकृत नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्रही जोडावं लागतं. हे भाषांतर नवरा-बायको किंवा घरच्यांनी केलेलं चालत नाही. सोबत जोडीदाराचं निमंत्रणपत्र, त्याच्या पगाराचे आणि राहत्या जागेचे पुरावे, तुमची बँक स्टेटमेंट्स, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र द्या. यांत खर्च थोडा, पण परत येण्याची कारणं याच कागदांतून दिसतात.

पीआरची फाइल चालू आहे हे लपवू नका. खोटी किंवा अर्धवट माहिती दिल्याचं ठरलं तर 5 वर्षांची बंदी येऊ शकते. उलट, फाइल भरल्याची पावती जोडा आणि भेटीचं कारण सरळ लिहा.

तिकीट आणि विमा

सर्वांत मोठा खर्च तिकिटाचा. उन्हाळ्यात आणि डिसेंबरात भाडं चढतं. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. युरोपमार्गे जाणार असाल तर ट्रान्झिट व्हिसाचा नियम आधी पाहा. पाहुण्याला तिथली सरकारी आरोग्यसेवा फुकट मिळत नाही, म्हणून पूर्ण मुक्कामाचा प्रवासविमा घ्याच. पॉलिसी स्वस्त आहे म्हणून घेऊ नका, जुन्या आजारांबद्दलचं कलम वाचा.

किती दिवस राहता येतं?

साधारण 6 महिने. नेमकी तारीख विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, व्हिसाची मुदत ही मुक्कामाची मुदत नव्हे. वाढवून हवी असेल तर मुदत संपण्याच्या निदान 30 दिवस आधी अर्ज करा. वेळेत अर्ज केला असेल तर निकाल येईपर्यंत तिथे कायदेशीरपणे राहता येतं. मुदत उलटली तर 90 दिवसांच्या आत दर्जा परत मिळवण्याचा अर्ज करता येतो, पण त्याची फी अडीचशे डॉलरच्या घरात जाते.

तिथल्या मालकाकडे नोकरी करता येत नाही. भारतातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवरून करायला मात्र हरकत नाही. त्यामुळे बिनपगारी रजा वाचू शकते. जोडीदारासोबत राहताना ओपन वर्क परमिटला पात्र ठरलात तर त्याची फी 255 डॉलर, म्हणजे 16,575 रुपये.

इनलँड की आउटलँड?

फाइल भरतानाच हे ठरवा. इनलँड म्हणजे कॅनडात राहून केलेला अर्ज; त्यात तिथेच राहणं अपेक्षित असतं. मध्येच भारतात आलात आणि पुन्हा प्रवेश मिळाला नाही, तर फाइल धोक्यात येते. शिवाय नकार आल्यास अपिलाची सोय नाही. आउटलँडमध्ये, म्हणजे कॅनडाबाहेरचा म्हणून चालणाऱ्या अर्जात, ये-जा करता येते आणि नकाराविरुद्ध स्पॉन्सर अपील करू शकतो. ज्यांना इथली नोकरी सांभाळायची आहे किंवा घरी वयस्कर आई-वडील आहेत, त्यांना हाच मार्ग बरा.

व्हिसा नाकारला तर

तोच अर्ज तसाच पुन्हा भरणं म्हणजे 6,500 रुपये पाण्यात. अधिकाऱ्याच्या नोंदी आधी मागवा. कॅनडातला जोडीदार 5 डॉलर भरून तुमच्या संमतीने त्या मागवू शकतो. सल्लागार नेमणार असाल तर तो तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजच्या यादीत आहे का, हे पैसे देण्याआधी तपासा.

खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी कागद, मग फी, व्हिसा मिळाल्यावर विमा आणि तिकीट. या क्रमाने गेलात तर नकार आला तरी नुकसान बारा-तेरा हजारांच्या आसपास थांबतं.