जीपखालची जादा टाकी

डोंगरातली वाट खडी असते. पावसाळ्यात चिखल होतो. साधी गाडी तिथे रुतते. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी जीप मात्र निघून जाते. लोक तिला 'फोर व्हील' म्हणतात. पण अशा गाडीला तेल जास्त लागते, आणि पंप तर लांब! म्हणून काही जण गाडीखाली डिझेलची दुसरी टाकी बसवून घेतात. ऑस्ट्रेलिया देशाच्या आतल्या भागात दोन पंपांमध्ये शेकडो किलोमीटर अंतर असते. तिकडे अशा टाक्या तयार विकत मिळतात.

टाकी सोयीची खरी, पण गाठ तेलाशी आहे. ती नीट बसली नाही तर गाडी जळेल, आतली माणसेही जळतील. हे काम जाणत्या मिस्तरीचे आहे. पण काम बरोबर झाले की नाही, हे मालकाला कळायला हवे. म्हणून आपण ते समजून घेऊ.

१. आधी परवानगी
मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याचे ५२ वे कलम सांगते की, गाडीत मनाला येईल तसा फेरफार करू नये. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता अशा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून आधी आर.टी.ओ. कचेरीत जावे. लेखी उत्तर घ्यावे. नकार मिळाला तर टाकीचा नाद सोडावा.

२. भार कोणावर?
एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम असते. म्हणजे ४० लिटर तेल ३३ किलोच्या घरात जाते. टाकीच्या पत्र्याचे वजन वेगळे. गाडी खड्ड्यात आदळली की हा भार कितीतरी जोराने खाली ओढतो. गाडीचा तळपत्रा तो पेलणार नाही. टाकी चासीलाच धरली पाहिजे. चासी म्हणजे गाडीखालच्या लांब लोखंडी तुळया. चासीला वाटेल तिथे भोक पाडू नये, वेल्डिंग करू नये. त्याने ती कमजोर होते. टाकी आणि तिचा पट्टा यांच्यामध्ये रबर घालावे. नाहीतर पत्रा घासून झिजतो. आणि टाकीचे जेवढे वजन वाढले, तेवढा माल कमी भरावा.

अर्धी घागर डोक्यावर हिंदकळते. तसेच तेलही वळणावर हिंदकळते आणि गाडीला ओढते. म्हणून चांगल्या टाकीत आडवे पडदे असतात.

३. जागा कोणती?
सायलेन्सरची नळी फार तापते. टाकी आणि तेलाची नळी तिच्यापासून दूर हवी. फिरणारा शाफ्टही लागता कामा नये. गाडी भरली की पाटे दबतात आणि आख वर येतो. तेव्हा भरल्या गाडीखाली वाकून पाहावे. टाकी फार खाली लोंबली तर दगड लागेल.

४. हवेची नळी आणि तार
डिझेल उन्हाने फुगते. ५० लिटर डिझेल २० अंशांनी तापले तर सुमारे पाऊण लिटर वाढते. म्हणून टाकी काठोकाठ भरू नये. टाकीला हवेची नळी हवी. तिचे तोंड उंचावर हवे, म्हणजे ओढा ओलांडताना पाणी आत जाणार नाही. रबरामुळे टाकी चासीपासून सुटी राहते. तेल वाहताना टाकीत वीज साठू शकते. तिची ठिणगी पडू नये म्हणून टाकी तारेने चासीला जोडतात.

५. रिकामी टाकी खरी वैरीण
मालक म्हणतो, "अहो मिस्तरी, जुनी टाकी आहे, रिकामीच आहे. मारा की एक टाका!"

इथेच घात होतो. टाकी रिकामी दिसते, पण पत्र्याला तेल चिकटलेले असते. वेल्डिंगच्या आचेने त्याची वाफ होते. वाफ हवेत मिसळते आणि ठिणगी पडताच टाकी बाँबसारखी फुटते. भरल्या टाकीत हवेला जागा थोडी, रिकामीत भरपूर. साध्या पाण्याने विसळूनही हा धोका जात नाही. म्हणून आम्ही निक्षून सांगतो : तेलाच्या जुन्या टाकीला गावात टाका मारू देऊ नका. नवी टाकी घ्या. तेल भरण्याआधी पाणी भरून गळती पाहा, मग ती पुरती वाळवा.

टाकी बसल्यावर १०० किलोमीटरनी सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावे. पुढे दर महिन्याला खाली वाकून पाहावे. तेलाचा वास आला तर गाडी थांबवावी, माणसे उतरवावी. गळती काडी ओढून पाहू नये. बॅटरी घ्यावी.

वाचा आणि सांगा
१. टाकी तळपत्र्याला का बांधू नये?
२. टाकी काठोकाठ का भरू नये?
३. रिकामी टाकी जास्त धोक्याची का?
४. तुमच्या गावात जुन्या टाकीला टाका मारणारा कोणी आहे काय? त्याला हा धडा वाचून दाखवा.